रॉबर्ट हार्ट ब्रिटिश असूनही चीनच्या सरकारशी प्रामाणिक होता का? त्याचं काय वाचावं?

माझ्या मते होता. फक्त त्याचं खातं, म्हणजे बंदरांवर जकात गोळा करणारं चिनी सागरी कस्टम्स, कशावर उभं होतं, तेही पाहायला हवं.

हार्ट मूळचा आयर्लंडचा, जन्म १८३५चा. १८५४मध्ये ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत शिकाऊ दुभाषा म्हणून चीनला गेला. १८५९मध्ये ती नोकरी सोडून चिनी सागरी कस्टम्समध्ये शिरला आणि १८६३मध्ये महानिरीक्षक झाला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. मरेपर्यंत, म्हणजे १९११पर्यंत, पद त्याच्याच नावावर राहिलं. १९०८मध्ये मात्र तो चीन सोडून गेला होता.

त्याचं १८६४चं परिपत्रक मला फार महत्त्वाचं वाटतं. हे खातं चीनचं आहे, परकीयांचं नाही. पगार चीन देतो, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांना सहकारी माना, असं त्यानं आपल्या गोऱ्या हाताखालच्यांना बजावलं. त्या काळी हे लिहायला धाडस लागत होतं. १८८५मध्ये ब्रिटननं त्याला पेकिंगमधला (आजच्या बीजिंगमधला) राजदूत व्हायला सांगितलं, तेव्हाही अखेर तो कस्टम्समध्येच राहिला. दीपगृहं उभी राहिली ती याच खात्याकडून, आणि १८९६ची शाही टपालसेवाही त्याच्याच हाती सोपवली गेली.

पण तो ज्या दरानं जकात आकारत होता, तो साधारण पाच टक्क्यांचा दर युद्ध हरलेल्या चीनवर तहानं लादलेला होता. चीनला तो आपल्या मर्जीनं वाढवता येत नव्हता. अफूवरही १८५८पासून पेटीमागे ३० टेल (चांदीचं चिनी वजन) जकात होती, आणि त्या पेट्यांमध्ये मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती. कमिशनरच्या खुर्च्यांवर हार्टच्या काळात परकीयच बसले. १९०१ला बॉक्सर बंडाची, म्हणजे परकीयांविरुद्धच्या १९००च्या उठावाची, ४५ कोटी टेलची भरपाई चीनवर लादली गेली, तेव्हा तारण म्हणून याच खात्याचं उत्पन्न पुढे केलं गेलं. चोख कारभाराचा फायदा सावकारांना झाला, हे मला मनापासून दुःखद वाटतं.

वाचायचं तर १९०१चा 'दीज फ्रॉम द लँड ऑफ सिनिम' हा लेखसंग्रह आधी घ्या. बंडात पेकिंगच्या वकिलातींना वेढा पडला, त्याचं घर जळालं, तो स्वतः आत अडकला होता. तरीही बंडखोरांमागची देशभक्ती त्यानं मान्य केली आणि पन्नास वर्षांत असे कोट्यवधी लोक शस्त्रं घेऊन उभे राहतील, असा इशारा दिला. मग लंडनमधला त्याचा प्रतिनिधी कॅम्पबेल याला लिहिलेली १८६८ ते १९०७ची पत्रं वाचा. ती १९७५मध्ये दोन खंडांत छापली गेली. परिपत्रकांतला हार्ट मोजून बोलतो, पत्रांतला चिडतो, थकतो, माणसांना नावं ठेवतो. रोजनिशीचे सत्तरहून अधिक खंड बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत, पण त्यांकडे पत्रांनंतरच वळा.