नागरिकांनी थेट कायदे आणि घटनादुरुस्ती मांडण्याची पद्धत कशी चालते? आपल्याकडे ती असावी का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेच्या काही राज्यांत नागरिक सह्या गोळा करून कायदा किंवा राज्यघटनेतील दुरुस्ती थेट मतदानाला लावू शकतात, ती पद्धत प्रत्यक्षात कशी चालते आणि महाराष्ट्रात ती आणावी का. मी कॅलिफोर्नियातील मतदार आहे, त्यामुळे उत्तर मुख्यतः येथील अनुभवावरून देतो. साध्या कायद्यापुरता हा अधिकार लोकांच्या हाती असावा असे मला वाटते; राज्यघटना बदलण्याचा अधिकार मात्र कॅलिफोर्नियाने फारच स्वस्तात देऊन टाकला आहे.

प्रस्ताव मांडणाऱ्याने मसुदा आणि २,००० डॉलर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे भरायचे असतात. तीस दिवस मसुद्यावर लोकांच्या सूचना येतात, मग ॲटर्नी जनरल त्याला शीर्षक आणि जास्तीत जास्त शंभर शब्दांचा सारांश देतो, आणि तेथून १८० दिवसांत सह्या पूर्ण कराव्या लागतात. राज्यपालपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या कायद्यासाठी आणि ८ टक्के घटनादुरुस्तीसाठी लागतात. २०२२ च्या निवडणुकीवरून हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ असे ठरले. एवढ्या सह्या केवळ स्वयंसेवकांच्या बळावर सहसा जमत नाहीत. किराणा दुकानाच्या दाराशी टेबल मांडून उभ्या असणाऱ्या माणसाला बहुधा सहीमागे पैसे मिळतात, त्याच्यापुढे एकाच वेळी तीन-चार प्रस्तावांचे कागद असतात, आणि पिशव्या सांभाळत घाईने सही करणारा माणूस शीर्षकापलीकडे क्वचितच वाचतो. मोहिमेचे मोठे देणगीदार कोण, हे छापून दाखवण्याचे बंधन आता आहे. ते वाचण्यासाठी थांबलेले फारसे कोणी मला दिसलेले नाही.

ही सोय १९११ मध्ये राज्यपाल हायरम जॉन्सन यांच्या पुढाकाराने आली, कारण सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने विधिमंडळ खिशात घातले आहे अशी लोकांची भावना होती. आज कंपन्याच तिचा वापर करतात. विधिमंडळाने ॲपवर काम करणाऱ्या चालकांना कर्मचाऱ्यांचे हक्क मिळावेत असा कायदा केल्यावर उबर, लिफ्ट आणि डोअरडॅश या ॲप कंपन्यांनी २०२० मध्ये आपल्या चालकांना त्यातून वगळणारे प्रॉपोझिशन २२ (म्हणजे मतपत्रिकेवरील प्रस्ताव क्रमांक २२) मतदानाला आणले, त्याच्या प्रचारावर २० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि ते मंजूर झाले. त्यातील एक कलम मला सर्वांत बोलके वाटते: या कायद्यात विधिमंडळाला दुरुस्ती करायची असेल, तर दोन्ही सभागृहांत सात-अष्टमांश बहुमत हवे. येथे लोकांनी मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही. तो कितपत बदलता येईल हे मसुदा लिहिणाराच ठरवतो. पैशाच्या प्रभावापेक्षाही मला या कुलूपबंदीची अधिक काळजी वाटते, कारण चुकीचा कायदा झाला तरी तो दुरुस्त करण्याची वाट मोकळी असली पाहिजे.

घटनादुरुस्तीत हे कुलूप आणखी पक्के होते. जून १९७८ मध्ये हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन या करविरोधी कार्यकर्त्यांच्या प्रॉपोझिशन १३ ने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर आणि मूल्यांकनाची वार्षिक वाढ कमाल २ टक्क्यांवर बांधून टाकली. नवे मूल्यांकन मुख्यतः घर विकले गेल्यावरच होते. त्यामुळे आमच्या गल्लीत एकाच आकाराच्या दोन शेजारी घरांपैकी जुन्या मालकाचा कर नव्या मालकाच्या कराचा एक लहानसा हिस्सा असतो. महागाईत घर गमावण्याच्या भीतीने वृद्धांनी त्याला मते दिली, हे मी समजू शकतो. पण कराचे असे तपशील राज्यघटनेत का असावेत? आमदारांना घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागते, आणि सह्यांच्या मार्गाने येणारी दुरुस्ती पडलेल्या मतांच्या साध्या बहुमताने होऊन जाते.

तरीही ही पद्धत मोडीत काढावी असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या मतदारसंघांच्या सीमा आखण्याचा अधिकार आमदारांनी आपण होऊन कधी सोडला नसता. २००८ मध्ये प्रॉपोझिशन ११ काठावर मंजूर झाले, म्हणूनच विधिमंडळाच्या मतदारसंघांचे काम चौदा सदस्यांच्या नागरिक आयोगाकडे गेले.

मला नेवाडाची तरतूद शहाणपणाची वाटते. तेथे नागरिकांनी मांडलेली घटनादुरुस्ती लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. पसंतीक्रमाने मतदान आणण्याचा प्रस्ताव तेथे २०२२ मध्ये मंजूर झाला आणि २०२४ मध्ये त्याच मतदारांनी तो फेटाळला. फ्लोरिडात ६० टक्के मतांची अट आहे, पण तिथे ५७ टक्के लोकांनी मागितलेली गोष्टही अडते. त्यापेक्षा दोनदा विचारणे मला अधिक न्याय्य वाटते.

आता महाराष्ट्राविषयी. आपल्या राज्यांना स्वतंत्र घटना नाही आणि भारतीय राज्यघटनेतील दुरुस्ती अनुच्छेद ३६८ नुसार संसदेतच सुरू होते, तेव्हा प्रश्न फक्त राज्याच्या कायद्यांचा उरतो. सह्या आणि मग मतदान ही कल्पना आपल्याला अगदीच अनोळखी नाही: दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावातील वा वॉर्डातील किमान २५ टक्के मतदार किंवा महिला मतदार निवेदन देतात, आणि यादीतील निम्म्याहून अधिक मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद होते. ही अट कॅलिफोर्नियाच्या अटीपेक्षा कितीतरी कडक आहे, कारण घरी बसलेला मतदारही दुकानाच्या बाजूने मोजला जातो. राज्यभराच्या कायद्यासाठी ती जशीच्या तशी लावली तर काहीच मंजूर होणार नाही. प्रस्ताव आधी विधानसभेसमोर जावा, तिने ठराविक मुदतीत तो स्वीकारला नाही तरच मतदान व्हावे आणि मंजूर कायद्यात काही वर्षांनी विधानसभेला दुरुस्ती करता यावी, असे मी सुचवीन. सह्या केवळ मुंबई-पुण्यातून येऊ नयेत म्हणून विभागवार किमान प्रमाण ठेवता येईल, मात्र त्या कलमात विभागांची संख्या लिहू नये. मिसिसिपीत कोणत्याही एका मतदारसंघातून एक-पंचमांशाहून अधिक सह्या धरू नयेत अशी अट होती. जनगणनेनंतर पाच मतदारसंघांचे चार झाले, पुरेशा सह्या नियमात बसणे गणितानेच अशक्य ठरले आणि २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती सगळी पद्धतच बंद पडली.