ज्या बोलण्याने आपल्या भावना दुखावतात, ते बोलण्याचा अधिकारही समोरच्याला असावा का? कायदा काय सांगतो?

असावा. कायद्याचे आधी उरकून घेतो. घटनेच्या कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे मोजून दिली आहेत; त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी ही आहेत, नुसत्या दुखावलेल्या भावना नाहीत. धार्मिक भावनांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे, पण तेथेही दुष्ट हेतू दाखवावा लागतो.

माझे वडील मल्ल होते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांनी मारलेल्या एका कुस्तीबद्दल आमच्या पेठेतील व्याख्यानात वक्ते सरळ म्हणाले की ती नुरा होती, म्हणजे पैसे घेऊन आधीच ठरवलेली. ज्यांचे मोडलेले कान मी लहानपणी मांडीवर बसून चाचपले, त्यांच्याबद्दल भर सभेत हे ऐकताना माझेही हात शिवशिवले, हे लपवत नाही. त्याच रात्री थोरल्या बंधूंनी तालमीतली पोरे गोळा केली आणि दुसऱ्या दिवशीचे व्याख्यान उधळायचे ठरवले. मी दारात आडवा उभा राहिलो. दादांनी मला सगळ्यांदेखत नादान म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी विचारले की हे साल कोणते, जोड, म्हणजे समोरचा मल्ल, कोण होता आणि पैसे ठरताना कोण हजर होते. वक्त्यांजवळ "असे बोलले जाते" यापलीकडे काही नव्हते. मग मागच्या बाजूने एक वयस्कर वस्ताद उठले. त्या काळी नुरा कुस्त्या होतच असत, मात्र ही तशी नव्हती, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. यातला पहिला भाग मला रुचला नाही, पण व्याख्यान उधळले असते तर दुसरा भाग कधीच कोणी ऐकला नसता, आणि पोरांनी सभा मोडली म्हणजे त्यात काहीतरी काळेबेरे असणारच, असे गावाने धरले असते. विचारवंत गोविंद पानसऱ्यांवर २०१५ मध्ये याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्यावरही आपल्याला हे नव्याने पटवून द्यावे लागते, याचा मला संताप येतो.

अर्थात नाव घेऊन केलेला खोटा आरोप ही वेगळी बाब आहे. त्याच संहितेतील बदनामीचे कलम ३५६ मृत व्यक्तीलाही लागू होते, फक्त कुटुंबीयांना दुखावण्याचा हेतू असावा लागतो. कोल्हापूरच्या दिवाणांवरील आरोपांमागची पत्रे बनावट ठरली, तेव्हा १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनाही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले होते. तेव्हा आपल्याला खरोखरच खोटे सापडले असेल, तर आयोजकांना लेखी कळवा, उत्तरासाठी वेळ मागा, आणि तेवढ्याने भागले नाही तर वकील गाठा. दादांना मी हेच तिन्ही मार्ग सांगितले होते. त्यांनी आजवर त्या वक्त्यांना एक ओळही लिहिलेली नाही; माझ्याशी मात्र दर दिवाळीला फराळाच्या ताटावर भांडतात.