८ गाई आहेत, शेणखत भरपूर टाकतो, तरी उसाला गुण का दिसत नाही?

तुम्ही लिहिलंय की घरच्या ८ गाई आहेत, दरवर्षी ट्रॉल्या भरून शेणखत उसाला जातं, तरी युरिया कमी करता येत नाही आणि वरून हुमणी (उसाची मुळं खाणारी पांढरी अळी) वाढली, मग हे खत खरंच कामाचं आहे का. शंभर टक्के आहे. आमचा पण कराडकडं घरचाच गोठा आहे आणि ऊस, हळद याच खतावर असते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब बघा. संकरित गाय दिवसाला १५ किलो तरी शेण टाकते, म्हणजे ८ गाईंचं वर्षाला ४० टनांच्या वर ओलं शेण, पण त्यात ८० टक्के पाणीच, त्यामुळं कुजून खत होईस्तोवर निम्म्याच्या खाली येतं, १८-२० टन धरा. चांगल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का, टनाला ५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या थोडं वर. म्हणजे ४ टन खत तेव्हा कुठं एक गोणी, आणि ते पण सगळं एका वर्षात लागू होत नाही, पहिल्या पिकाला साधारण तिसरा हिस्सा आणि बाकीचं हळूहळू पुढच्या पिकांना. त्यामुळं शेणखत टाकलं की युरिया लगेच बंद असं होणारच नाही, पण जमीन भुसभुशीत राहणं, ओल धरणं, खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला) पांढरी मुळी चांगली सुटणं हे गोणीतनं मिळत नाही.

आता खरी गळती कुठं आहे ते सांगतो, ती गोठ्यातच आहे. जनावराच्या अंगातनं जे नत्र बाहेर पडतं त्यातलं निम्म्याच्या आसपास मूतात असतं आणि पालाश (पोटॅश) तर बहुतेक मूतातच, आणि आपण काय करतो, सकाळी पाइप लावून गोठा धुतो आणि ते सगळं गटारात नाहीतर ओढ्याला. शेण तेवढं उचलतो. म्हणजे अर्धं खत उकिरड्यावर पोचतच नाही. गाईंच्या मागं उताराची नाली काढा, शेवटाला छोटा खड्डा, आणि गाईंखाली बारीक केलेलं पाचट (उसाचा वाळलेला पाला) किंवा भुसा पसरा, ते मूत पिऊन घेतं, सकाळी शेणासकट ओढून ढिगात टाकायचं. डोळ्याला झोंबणारा वास यायला लागला की समजायचं नत्र हवेत चाललंय, अशा वेळी ढिगावर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरलं तर बरंच धरून ठेवतं. धनगरांच्या मेंढ्या रानात बसवल्यावर पीक एवढं का उठतं त्याचं कारण पण हेच आहे, लेंड्या आणि मूत दोन्ही जागेवरच मातीत जातं.

दुसरी गळती उकिरड्यावर. पावसाळ्यात ढिगाखालनं काळं पाणी वाहतं ना, तेच खत आहे हो! ढीग उंचवट्यावर करा, वर पत्रा नाहीतर निदान पाचटाचा जाड थर पाहिजेच. नुसतं शेण थापून ठेवलं तर आत हवा जात नाही, वर्षानं फोडलं तरी हिरवंच निघतं, म्हणून एक थर शेण एक थर पाचट असं करा, ओल इतकीच की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, महिन्या दीड महिन्यानं पलटी मारा. आत ५५-६० डिग्री उष्णता चढली की तणाचं बी बरंचसं मरतं, ३-४ महिन्यांत खत तयार होतं. शेण कमी आणि पाचट जास्त असेल तर नाडेपचा हौद बघा, पुसदच्या पांढरीपांडे काकांची पद्धत, १० बाय ६ बाय ३ फूट, भिंतीला भोकं ठेवलेला, त्याला शेण १०० किलोच्या आसपासच लागतं. गोबरगॅस असेल तर स्लरी पण उत्तम, सोडू नका.

हुमणीचं म्हणाल तर उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते, गेंड्या भुंग्याच्या अळ्या पण तशाच दिसतात. पण कच्चं खत रानात नेलं की त्यातनं अळ्या जातात हे खरं, म्हणून पूर्ण कुजलेलंच टाका, आणि गार झालेल्या खतात मेटारायझियम (अळ्या मारणारी बुरशी) मिसळून सरीत द्या. वळीव पडला की संध्याकाळी बाभळी, कडुलिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हे मात्र सगळ्या शिवारानं मिळून करायला पाहिजे, एकट्याच्या रानानं होत नाही.

आणि कृपा करून एप्रिल-मे महिन्यात रानात छोटे छोटे ढीग टाकून महिनाभर उन्हात ठेवू नका, सगळे तेच करतात. खत नेलं त्याच दिवशी पसरून मातीआड करा. २० टन खत सगळ्या रानाला पातळ फेकण्यापेक्षा दरवर्षी २ एकर धरा आणि एकरी १० टन द्या.

तुमचा गोठा कोब्याचा (सिमेंटच्या पक्क्या जमिनीचा) आहे का मुरमाचा ते कळवा. मुरमाचा असेल तर नालीच्या खर्चात आत्ता पडू नका, वर्षातनं एकदा वरची वीतभर माती खरवडून ढिगात टाका आणि नवीन मुरूम भरा, मूत सगळं त्या मातीतच मुरलेलं असतं.