मोकळीक दिली तर पोर्शन कसा पुरा होणार?

गोव्यातल्या भाषाशिक्षकांशी बोलताना एक काळजी हटकून निघते. मुलांना अभ्यासाचे निर्णय स्वतः घेऊ दिले, तर वर्ग हाताबाहेर जाईल आणि पोर्शन राहील. डिचोली तालुक्यातल्या एक शिक्षिका हेच घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा रविवारची रात्र त्यांना नकोशी झाली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या पाचवीला इंग्रजी शिकवतात. आपल्याकडे हे वळण फार अवघड. घरात कोकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीत एकदम सगळे विषय इंग्रजीतून.

"मॅडम, मुलं तोंडच उघडत नाहीत. मी फळ्यावर उत्तर लिहिते, ती उतरवून घेतात. शाळेत सांगतात, मुलांना स्वावलंबी करा. मला तर साधा धडा मागेपुढे करायची मुभा नाही!"

मी त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. जिच्या हातात एकही निर्णय नाही, ती मुलांच्या हातात काय देणार? शिक्षकाची स्वायत्तता आणि मुलाची स्वायत्तता वेगळ्या काढता येत नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून मुलांचा विषय बाजूला ठेवून आम्ही कागद घेतला. शिक्षण खातं काय ठरवतं, मुख्याध्यापक काय ठरवतात आणि तुम्ही काय ठरवता? पुस्तक, परीक्षा, धड्यांचा क्रम त्यांच्या हातात नव्हता. पण गृहपाठ? बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "गृहपाठाबद्दल मला कुणी कधी विचारलंच नाही." तिथूनच सुरुवात करायचं ठरलं.

भाषाशिक्षणाचे फ्रेंच अभ्यासक आंरी होलेक यांनी 1981 मध्ये युरोप परिषदेसाठी लिहिताना विद्यार्थ्याची स्वायत्तता म्हणजे आपल्या शिकण्याची सूत्रं आपण हाती घेण्याची क्षमता, अशी मांडणी केली. ही क्षमता जन्मजात नसते, ती कमवावी लागते, असंही त्यांनी सांगितलं. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. 'करा तुमचं तुम्ही' म्हणून मुलांना सोडून देणं म्हणजे स्वायत्तता, हा समज त्याने दूर होतो. डेन्मार्कमधल्या लेनी डाम या शिक्षिकेने आपल्या इंग्रजीच्या वर्गात मुलांना रोजनिशी ठेवायला लावली होती: आज काय करायचं ठरवलं, काय झालं, पुढे काय. आम्ही ती रीत उचलली. धड्यावरचे तीन गृहपाठ द्यायचे, मुलाने एक निवडायचा आणि का निवडला ते वहीत एका ओळीत लिहायचं, मराठीत किंवा कोकणीत चालेल.

सुरुवातीला गोंधळच झाला. "टीचर, तुम्हीच सांगा ना कुठला करू!" बरीच मुलं सगळ्यात सोपा गृहपाठ उचलायची. बाई हिरमुसल्या. मी त्यांना सांगितलं, ओरडू नका, फक्त विचारा: हा केल्यावर नवीन काय जमलं? ज्याला चार वर्षं कुणी काही निवडू दिलेलं नाही, तो आधी सोपंच निवडणार.

चतुर्थीनंतर एका अबोल मुलाने घरच्या माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून केलेल्या सजावटीवर, लिहायचं ठरवलं. नारळ, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळे. वाक्यं मोडकी होती. पण 'टांगणे' इंग्रजीत कसं म्हणायचं, हे विचारायला तो स्वतः उठून टेबलापाशी आला. बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. शब्दकोश पुढे केला आणि शेजारी उभ्या राहिल्या.

पालकसभेत तक्रार आली, "शेजारच्या मुलाला वेगळा अभ्यास का?" त्यांनी दोन्ही मुलांच्या वह्या उघडून दाखवल्या. मुख्याध्यापकांनी एका टर्मपुरती मुभा दिली होती. पोर्शन वेळेत झाला, ती पुढे वाढली. घटक चाचणीचे गुण फारसे हलले नाहीत, आणि एका टर्ममध्ये ते हलावेत अशी अपेक्षा मी ठेवलीही नव्हती. वर्गात प्रश्न विचारणारे हात मात्र वाढले.

अशाच काळजीत असलेल्या शिक्षकांना मी आता पहिल्या भेटीत तोच कागद घ्यायला लावते. कुणाला त्यात तासाची पहिली दहा मिनिटं सापडतात, कुणाला उजळणीचा आठवडा. या बाई पुढच्या टर्मला उजळणीचे प्रश्न मुलांकडूनच काढून घेणार आहेत.