आमदारांचं थकलेलं बिल

"मॅडम, आमदारांच्या वाढदिवसाची जाहिरात छापून आठ महिने झाले, बिल थकलंय. आता त्यांच्याच कामाची कागदपत्रं हाती आलीत. बातमी दिली तर पैसे बुडाले, नाही दिली तर मी कसला बातमीदार?"

तालुक्याचे हे वार्ताहर (ओळख पटेल असे तपशील बदललेत) माझ्याकडे समुपदेशनाला आले होते ते झोप लागत नाही म्हणून. हा प्रश्न निघाला तिसऱ्या भेटीत.

तालुक्याला मानधन नावापुरतं. कमाई जाहिरातींच्या कमिशनवर, डोक्यावर वर्धापनदिन पुरवणीचं टार्गेट. जाहिरात उधारीवर छापायची. पैसे आले नाहीत तर बाकी वार्ताहराच्या खात्यावर. जाहिरातींची एजन्सी पुष्कळदा बायकोच्या नावावर असते, इथेही होती.

"मला माणसं सांभाळता येत नाहीत," हे त्यांचं पालुपद. मी त्यांनाच धंद्याचा हिशेब मांडायला लावला. अंकाच्या किमतीत छपाईचा खर्च निघत नाही, तूट जाहिरातींनी भरायची. 2020चा पाडवा 25 मार्चला आला. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली, पाडव्याच्या जाहिराती गेल्या. 2022मध्ये युक्रेन युद्धानंतर आयात कागद भडकला. जाहिरातदार तोवर गूगल-फेसबुककडे वळलेले. "म्हणजे वरची तूट खाली सरकत माझ्या दारात आली," ते म्हणाले. लगेच झोप लागली असं नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे पाठवावंच लागलं. (रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 ही सरकारची टेली मानस सेवा आहे.)

पुढच्या भेटीला पत्नीही आल्या. एजन्सीच्या कागदांवर सह्या त्यांच्या, पण थकबाकीचा आकडा पहिल्यांदाच ऐकत होत्या. भडकल्या. माझ्या मते बरंच झालं; अशी उधारी घरात लपवणारा माणूस वसुलीलाही चोरासारखा जातो. वसुली पत्नीनेच हातात घेतली. यांनी कार्यालयाला लेखी कळवलं, यापुढे उधारीची जाहिरात घेणार नाही. कमिशन घटलं, ते दोघांनी धरून चाललं.

बातमी द्या की देऊ नका, हे मी सांगितलं नाही. ते माझं काम नव्हे. एवढंच विचारलं, बिल नसतं तर?

"त्याच रात्री दिली असती."

ती त्यांनी जिल्हा कार्यालयाला पाठवली, आमदारांकडे आपली बाकी आहे हेही संपादकांना कळवून. छापून आली, आतल्या पानावर. बिल अजून निघालेलं नाही. पत्नी दर सोमवारी आमदारांच्या संपर्क कार्यालयात जाऊन बसतात.