गिटारच नसलेला रॉक

प्रश्न : पिंक फ्लॉइड, डोअर्स ऐकून झाले. त्याच काळातले मागे पडलेले सायकेडेलिक (भासमय, स्वप्नासारख्या आवाजांचा रॉक वाजवणारे) बँड कुठून ऐकायला घ्यावेत?

उत्तर : ‘द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’पासून. हे बँडचंच नाव, हसू नका! १९६८चा त्यांचा एकमेव अल्बम. बेस आहे, पण लीड गिटार औषधालाही नाही. इलेक्ट्रिक व्हायोलिन, रिंग मॉड्युलेटर या आवाज वाकवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून पिळून काढलेले आवाज आणि त्यावर डोरोथी मॉस्कोविट्झचा थंड, स्थिर गळा. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, हेडफोनच बिघडलाय. दुसऱ्या खेपेला सोडवेना.

मग प्रिटी थिंग्ज या बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ अल्बम घ्या, तोही १९६८चाच. एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट, तीही ‘द हू’ या बँडच्या ‘टॉमी’ या गोष्ट सांगणाऱ्या अल्बमच्या आधी सांगितलेली. गाणी मात्र क्रमानेच ऐका, शफल बंद.