मोठ्या आवाजाची कार ऑडिओ सिस्टीम बसवताना सुरुवात कुठून करावी?

आपण लहान हॅचबॅकमध्ये १००० वॅटचा सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) बसवू इच्छिता आणि आधी काय घ्यावे असे विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, स्पीकर निवडण्यापूर्वी विजेचा हिशेब करावा. खोक्यावरील पीक वॅटचा, म्हणजे क्षणभरच्या कमाल शक्तीचा आकडा सोडून केवळ आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा आकडा धरावा. १००० वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तरी पूर्ण भारावर तो सुमारे ९० अँपिअर ओढतो, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीज तयार करणारे यंत्र) बहुधा एकटा तेवढे पुरवू शकत नाही.

माझ्या गाडीत रात्री खानापूर रस्त्यावर प्रत्येक ठोक्यासरशी हेडलाइट मंद होत असत. अखेर बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतची वायर ब्लेडने खरवडली, तेव्हा तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरे ॲल्युमिनियम दिसले, जे तांब्याइतकी चांगली वीज वाहून नेत नाही. म्हणून वायर शुद्ध तांब्याचीच घ्यावी आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत बसवावा, कारण वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर आग रोखणारी तीच एक गोष्ट असते.

वॅट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने, म्हणजे थोडासाच वाढतो. त्यापेक्षा योग्य मापाची, हवाबंद जोडांची सबवूफरची पेटी आणि दारांतील डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारे आवरण) यांवरचा खर्च अधिक सार्थकी लागतो. मात्र आपल्याकडील पाऊस पाहता, शीट लावताना दाराच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे बुजणार नाहीत, हे स्वतः उभे राहून पाहावे.